यॉर्क दोन दिवसांत: तटबंदी, मिन्स्टर, संग्रहालयं. कुठून सुरुवात करावी?

नकाशेवाला (धागालेखक)

यॉर्कबद्दलचे प्रश्न चार-पाच धाग्यांत विखुरलेत, म्हणून हा वेगळा धागा काढतोय. भर घाला, चुकलं तर टोका.

आधी वेळेचा हिशेब. लंडनच्या किंग्ज क्रॉसवरून थेट गाडी साधारण दोन तासांत यॉर्कला पोचते, त्यामुळे ‘सकाळी जाऊ, रात्री परत’ असा बेत सर्रास ठरतो. पण संग्रहालयं दहाच्या सुमारास उघडतात, पाचच्या आसपास मिटतात, आणि शेवटचा प्रवेश त्याच्याही आधी अर्धा-एक तास. हातात उरतात सहा तास. त्यातले अडीच तास एकटं मिन्स्टर, म्हणजे इथलं महाचर्च, खातं. उरलेल्यात शॅम्बल्सच्या गल्लीतले फोटो आणि कुठलीतरी एक रांग, की परतीची गाडी. एक रात्र राहा. खर्च वाढतो, पण संध्याकाळी पाचनंतर आणि सकाळी दहाच्या आत गल्ल्या रिकाम्या मिळतात.

दुसरं म्हणजे नावं. इथे ‘गेट’ म्हणजे दरवाजा नाही, रस्ता. व्हायकिंगांच्या ‘गाटा’ या शब्दावरून आलेलं. स्टोनगेट, मिकलगेट, कॉपरगेट हे सगळे रस्ते. दरवाजाला म्हणतात ‘बार’. बूदम बार, मंक बार, वॉल्मगेट बार, मिकलगेट बार या शहराच्या चार मुख्य वेशी. नकाशात ‘मिकलगेट’ टाकलं तर रस्ता दिसेल आणि ‘मिकलगेट बार’ टाकलं तर वेस.

तिसरं, मालकी. इथेच सगळ्यांची गल्लत होते. क्लिफर्ड्स टॉवर आणि यॉर्क कॅसल म्युझियम एकमेकांपासून शंभरेक पावलांवर आहेत, पण तिकिटं वेगळी. टॉवर इंग्लिश हेरिटेजचा, म्युझियम यॉर्क म्युझियम्स ट्रस्टचं. म्युझियम गार्डन्समधलं यॉर्कशायर म्युझियम त्याच ट्रस्टचं. योर्विक (व्हायकिंग केंद्र) आणि बार्ली हॉल एका पुरातत्त्व संस्थेचे, त्यामुळे त्यांचं जोडतिकीट मिळतं. ट्रेझरर्स हाउस नॅशनल ट्रस्टचं. मिन्स्टर स्वतंत्र. रेल्वे म्युझियम राष्ट्रीय आणि मोफत. इंग्लंडात इतर किल्लेही बघणार असाल तर इंग्लिश हेरिटेजचा परदेशी पाहुण्यांचा पास काढा, त्यात क्लिफर्ड्स टॉवर येतो. फक्त यॉर्कसाठी तो पास घेऊ नका.

जागांचे ढोबळ तीन पुंजके होतात. वायव्येला मिन्स्टर, बूदम बार, ट्रेझरर्स हाउस, यॉर्कशायर म्युझियम. आग्नेयेला क्लिफर्ड्स टॉवर, कॅसल म्युझियम, फेअरफॅक्स हाउस, योर्विक. ऊझ नदीपलीकडे पश्चिमेला स्टेशन, रेल्वे म्युझियम, मिकलगेट. मध्ये शॅम्बल्स, स्टोनगेट, बार्ली हॉल. एका अर्ध्या दिवसात एकच पुंजका घ्या. अंतरं फार नाहीत, पण इकडून तिकडे तीनदा गर्दीतून गेलात तर तास गेला म्हणून समजा.

फांजीवरून

तटबंदीचं मी लिहितो.

एकूण लांबी साधारण ३.४ किमी. इंग्लंडात एवढी लांब मध्ययुगीन नगरतटबंदी दुसऱ्या शहरात उरलेली नाही. तिकीट नाही. सकाळी आठला उघडते, अंधार पडायच्या आत बंद. बर्फ साचलं किंवा निसरडं झालं तर दिवसभर बंद. कुत्री नेता येत नाहीत.

आपल्याकडचे किल्ले पाहणाऱ्यांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल. चालायची वाट म्हणजे सरळसरळ फांजी, बाहेरच्या बाजूला चर्या, म्हणजे तटाच्या माथ्यावरचे कंगोरे. फरक एवढाच की इथे तट कातळावर नाही, मातीच्या उंच बांधावर उभा आहे. त्या बांधाच्या पोटात काही ठिकाणी रोमन तट गाडलेला आहे. दगड फिकट मलईच्या रंगाचा मॅग्नेशियन चुनखडक, टॅडकॅस्टरच्या बाजूच्या खाणींतला. मिन्स्टरही त्याचंच.

वेळ कमी असेल तर बूदम बार ते मंक बार एवढाच तुकडा करा. रमतगमत वीस मिनिटं. मिन्स्टर मागच्या बाजूने दिसतं आणि खाली बागा. बूदमकडून चढा, मंककडे उतरा. मंक बार चार मजल्यांची, सगळ्यात उंच वेस. तिची उचलायची जाळी अजून जागेवर आहे. माथ्यावरचे दगडी पुतळे हातात धोंडे घेऊन उभे आहेत, खाली उभं राहून मान वर केली की दिसतात.

पूर्ण फेरी करायची तर दोन तास धरा. लक्षात ठेवा, तट सलग नाही. लेयरथॉर्पपासून रेड टॉवरपर्यंत मधला भाग मुळातच बांधला गेला नाही. पहिल्या विल्यम राजाच्या काळात फॉस नदी अडवली, तिथे मोठं तळं झालं आणि दलदलीनेच तटाचं काम केलं. आज तिथून रस्त्याने चालावं लागतं. बरेच जण इथे ‘वाट चुकली’ म्हणून परत फिरतात. फॉसच्या कडेने सरळ पुढे जा, विटांचा बुटका बुरूज दिसला की तोच रेड टॉवर. तिथून तट पुन्हा सुरू.

वॉल्मगेट बार चुकवू नका. वेशीपुढची जिभी, म्हणजे दाराच्या रक्षणासाठी पुढे काढलेल्या भिंती, शाबूत असलेली नगरवेस इंग्लंडात ही एकच उरली आहे. बाकीच्या वेशींच्या जिभ्या एकोणिसाव्या शतकात रहदारीसाठी पाडल्या.

आतल्या बाजूला बऱ्याच ठिकाणी कठडा नाही. लहान मुलं असतील तर हात सोडू नका, आणि समोरून माणूस आला तर तुम्ही तटाच्या बाजूला व्हा.

सई_लीड्स

छान धागा. मिन्स्टरच्या तिकिटात मनोऱ्यावर चढणं येतं का? आणि कॉपरगेटचं शिरस्त्राण योर्विकमध्येच आहे ना?

काचकाम

@सई, मनोऱ्याचं तिकीट वेगळं, वेळ ठरवून घ्यावं लागतं. २७५ पायऱ्या, गोल जिना, काही ठिकाणी खांदे घासतील इतका अरुंद. अर्ध्यावर छताच्या कडेने उघड्यावरून चालत दुसऱ्या जिन्यापर्यंत जायचं असतं. मध्येच ‘मी उतरतो’ म्हणायची सोय नाही, कारण तुमच्या मागे पूर्ण गट असतो. आठ वर्षांखालच्या मुलांना सोडत नाहीत. गुडघे, हृदय, उंचीची भीती यांपैकी काही असेल तर नकोच. वारा जोरात असला तर फेरी रद्द होते, म्हणून परतीच्या गाडीला चिकटून वेळ घेऊ नका. वर उंची ७० मीटरच्या आसपास. खरं सांगायचं तर वरून शहर दिसतं, पण मिन्स्टर दिसत नाही! पैसे आणि पाय दोन्ही वाचवायचे असतील तर तटावरून दिसतं ते पुरे.

शिरस्त्राणाबद्दल: नाही. ते १९८२ मध्ये कॉपरगेटलाच सापडलं, पण ते व्हायकिंग नाही, आठव्या शतकातलं, व्हायकिंगांच्या आधीच्या अँगल लोकांचं आहे, आणि यॉर्कशायर म्युझियममध्ये आहे. ही चूक फार होते.

आता मुख्य म्हणजे काचा. त्या बघायच्या तर उजेडाच्या वेळा पाळा.

पूर्वेची मोठी खिडकी सकाळी. मिन्स्टर सोमवार ते शनिवार साडेनऊला उघडतं. पहिल्या अर्ध्या तासात आत शिरून थेट पूर्व टोकाला जा, बाकीचं नंतर. कॉव्हेंट्रीच्या जॉन थॉर्न्टनने १४०५ ते १४०८ या तीन वर्षांत ती केली. करारातला मोबदला ५६ पौंड, त्यातले १० वेळेत काम पुरं केल्याबद्दल. उंची २३ मीटरहून जास्त. एकूण ३११ काचफलक, त्यांचं जतनाचं काम २०१८ मध्ये संपलं. आता मूळ काचेच्या बाहेर दुसरी संरक्षक काच आहे. ती अतिनील किरण अडवते आणि दोन काचांमध्ये हवा खेळती राहिल्याने आतल्या बाजूला दव धरत नाही.

वाचायची कशी: खिडकीला नऊ उभे भाग. वरच्या जाळीदार नक्षीत सर्वांत वर ईश्वर. त्याखाली तीन ओळी जुन्या कराराच्या, २७ चित्रं, सृष्टीच्या निर्मितीपासून. त्याखाली नऊ ओळी जगाच्या अंताच्या, ८१ चित्रं. अगदी तळाच्या ओळीत राजे आणि बिशप. वरून खाली, डावीकडून उजवीकडे, पोथीच्या ओळीसारखं. नुसत्या डोळ्यांना वरच्या ओळी कळत नाहीत. लहान दुर्बीण नेलीत तर तिकिटाचे पैसे दुप्पट वसूल.

पश्चिमेची ‘हार्ट ऑफ यॉर्कशायर’ दुपारी उशिरा बघा. उत्तरेच्या बाजूला ‘फाइव्ह सिस्टर्स’, तेराव्या शतकातली. तिच्यात रंग नाही म्हणून लोक पुढे जातात. करड्या-हिरवट काचेचे एक लाखाहून जास्त तुकडे आहेत. तिला थेट ऊन लागत नाही, त्यामुळे कधीही जा, सारखीच शांत दिसते.

दक्षिणद्वार

काचकाम यांना पुस्ती. दक्षिणेकडची गुलाबखिडकी बघताना छतही बघा. ९ जुलै १९८४ च्या पहाटे आग लागली, वीज पडल्याने असं मानतात. या भागाचं छत गेलं. आग मध्यवर्ती मनोऱ्याकडे सरकू नये म्हणून अग्निशामक दलाने पाण्याच्या माऱ्याने छत मुद्दाम खाली पाडलं. गुलाबखिडकीला उष्णतेने हजारो तडे गेले, पण शिशाच्या पट्ट्यांनी ती जागेवर धरून ठेवली. नव्या छताच्या गाठींवरची काही चित्रं लहान मुलांच्या स्पर्धेतून निवडली. चंद्रावरचा माणूस शोधा, सापडतो.

तळघर, म्हणजे अंडरक्रॉफ्ट, तिकिटातच येतं, तरी निम्मे लोक चुकवतात. १९६७ मध्ये लक्षात आलं की मध्यवर्ती मनोऱ्याचा पाया खचतोय. वजन सुमारे १६,००० टन. पायाभोवती काँक्रीटचे जाड पट्टे घालून त्यांतून पोलादी सळया आवळल्या. ते काम १९७२ पर्यंत चाललं, आणि खोदताना खाली रोमन छावणीच्या मुख्यालयाच्या भिंती लागल्या. आज तिथे काँक्रीट आणि रोमन भिंत शेजारी शेजारी दिसतात. रोमन गटारातून पाणी अजून वाहतं. कॉन्स्टंटाइनला ३०६ मध्ये सैन्याने सम्राट म्हणून जाहीर केलं ते याच छावणीत. बाहेर दक्षिण दाराशी त्याचा बसलेला पुतळा आहे, तो मात्र १९९८ चा. समोरचा एकटा उभा खांब खरा रोमन.

मृद्गंध

रविवारी जाणार असाल तर सांभाळा. सकाळी प्रार्थना असतात, पर्यटकांना दुपारीच सोडतात. पदवीदान आणि मोठ्या समारंभांच्या दिवशीही बंद असतं, वेळापत्रक आधी बघावं. मोठ्या बॅगा आत नेता येत नाहीत, त्या हॉटेलात ठेवून या.

तिकीट परवडत नसेल तर संध्याकाळची गायन-प्रार्थना, इव्हनसाँग, सगळ्यांसाठी मोफत असते. पंधरा मिनिटं आधी दक्षिण दाराशी पोचा. बसायला बहुधा गायकांच्या चौकात जागा मिळते. त्या वेळात फिरता येत नाही, फोटो काढता येत नाहीत. पण रिकामं मिन्स्टर कानांनी ऐकायचं तर हीच वेळ.

कोकणस्थ_हल

योर्विकला जावं की नाही? परीक्षणं टोकाची दिसतात. कोणी म्हणतं अप्रतिम, कोणी म्हणतं जत्रेतला पाळणा.

नकाशेवाला

दोन्ही खरं आहे :)

कॉपरगेटला १९७६ ते १९८१ उत्खनन झालं, ४०,००० वस्तू निघाल्या. जमीन ओलसर, हवा न पोचणारी, त्यामुळे एरवी कुजणारं सगळं टिकलं: लाकूड, चामडं, कापड, बियाणं. एक लोकरीचा मोजाही. जिथे खणलं तिथेच १९८४ मध्ये हे केंद्र उघडलं. छोट्या डब्यात बसवून दहाव्या शतकातल्या गल्लीतून फिरवतात, वासासकट. ती फेरी पाव तासाची. फेरीसाठी गेलात तर निराश व्हाल. फेरीनंतरच्या कपाटांसाठी गेलात तर नाही होणार.

तिथेच ते प्रसिद्ध शेणखत आहे. १९७२ मध्ये एका बँकेच्या जागेवर सापडलेली व्हायकिंग मानवी विष्ठा, सुमारे २० सेंमी लांब. पाव आणि मांस खाणारा माणूस, पोटात जंतांची अंडी. मुलांना दुसरं काही आठवत नाही, हे आठवतं.

तिकीट वेळ ठरवून ऑनलाइन काढा. शाळांच्या सुट्टीत दारावरची रांग तासाभराची होते. फेब्रुवारीच्या मध्यावर व्हायकिंग महोत्सव असतो. बघायला मजा, पण योर्विकच्या आत जायला सगळ्यात वाईट आठवडा.

काचकाम

शेणखत म्हणू नका हो, शेण गाईचं :) माणसाचं ते सोनखत.

नकाशेवाला

मान्य. सोनखत.

सावकाश

आमच्याबरोबर सत्तरी ओलांडलेले दोघं आहेत, एकाचा गुडघा बदललाय. काय ठेवावं, काय गाळावं?

दक्षिणद्वार

तटबंदी गाळा, सगळीकडे चढ-उतार दगडी जिन्यांनीच आहे. त्याऐवजी म्युझियम गार्डन्समध्ये जमिनीवरून तटाचा सगळ्यात जुना तुकडा बघता येतो (खाली फांजीवरून लिहितीलच).

क्लिफर्ड्स टॉवर: टेकाडावर चढायला ५५ उंच पायऱ्या, दुसरी वाट नाही. २०२२ पासून आत लाकडी मचाण आणि छतावरून देखावा आहे, पण तो पायऱ्यांनंतरच. त्यांनी खाली बाकावर बसावं, तुम्ही जाऊन या.

मिन्स्टर: मनोरा सोडून बहुतेक भाग सपाट, तळघराला लिफ्ट. रेल्वे म्युझियम सपाट, बसायला जागा भरपूर. कॅसल म्युझियम जुन्या तुरुंगाच्या इमारतींत आहे, वरच्या मजल्यांना पायऱ्या. पण व्हिक्टोरियन रस्ता खालीच आहे.

शॅम्बल्स आणि भोवतीच्या गल्ल्यांत गोटे बसवलेले आहेत, काठी अडकते. दिवसा मध्यवर्ती रस्ते गाड्यांना बंद असतात, साधारण साडेदहा ते पाच. टॅक्सी दारापर्यंत येईल असं गृहीत धरू नका. मिन्स्टरसाठी टॅक्सी सकाळी साडेदहाच्या आत घ्या.

फांजीवरून

लिहितो :)

म्युझियम गार्डन्समधला मल्टँग्युलर टॉवर म्हणजे रोमन छावणीच्या कोपऱ्याचा बुरूज. हा एक बुरूज नीट बघितला की यॉर्कचा उभा छेद कळतो. खालचे लहान, सारख्या मापाचे चौकोनी चिरे रोमन. मध्ये लाल विटांचा पट्टा, तोही रोमन. त्याच्या वर एकदम मोठे दगड आणि बाण मारायच्या जंग्या, ते मध्ययुगीन. आतल्या बाजूने जा, तिथे रोमन दगडी शवपेट्या ठेवल्यात. रोमन जमीन आजच्यापेक्षा खोल होती हेही तिथे कळतं.

बागेतच सेंट मेरीज मठाचे अवशेष. आठव्या हेन्रीने मठ बंद पाडले त्या लाटेत १५३९ मध्ये हाही गेला. सगळं मोफत.

आणि क्लिफर्ड्स टॉवरबद्दल एक. चार पाकळ्यांच्या फुलासारखा दगडी बुरूज तेराव्या शतकाच्या मध्याचा, तिसऱ्या हेन्रीचा. पण त्या टेकाडावर आधी लाकडी बुरूज होता. १६ मार्च ११९० ला शहरातल्या दंगलीत जीव वाचवायला ज्यू कुटुंबं तिथे शिरली. वेढा पडला. सुमारे १५० माणसं मेली, बहुतेकांनी स्वतःच जीव दिला, बुरूज पेटला. बाहेर आलेल्यांनाही जमावाने मारलं. मग जमाव मिन्स्टरमध्ये गेला आणि तिथे ठेवलेले कर्जाचे कागद जाळले. हल्ल्याच्या म्होरक्यांत काही जण मोठे कर्जदार होते. पायथ्याशी छोटी पाटी आहे, पायऱ्या चढायच्या घाईत ती दिसत नाही. आधी ती वाचा. मार्चमध्ये टेकाड पिवळ्या डॅफोडिलांनी भरतं, त्याही मुद्दाम लावलेल्या आहेत. सहा पाकळ्या, ज्यूंच्या सहा टोकांच्या ताऱ्यासारख्या.

लोहमार्ग

रेल्वे म्युझियमवर कोणी बोलेना, म्हणून आलो.

स्टेशनच्या मागच्या अंगाला, चालत दहा मिनिटांच्या आत. प्रवेश मोफत, पण सुट्टीच्या दिवसांत मोफत तिकीट आधी काढून ठेवा. कमीत कमी तीन तास. दोन भाग: ग्रेट हॉल आणि स्टेशन हॉल. स्टेशन हॉल दुरुस्तीसाठी अडीचेक वर्षं बंद होता, २०२५ मध्ये उघडला. व्हिक्टोरिया राणीचा १८६९ चा डबा आणि बाकीच्या राजगाड्या तिथे. डब्यात चढता येत नाही, काचेतून बघायचं. दुपारी काचेवर प्रतिबिंब फार पडतं, सकाळी जा.

ग्रेट हॉलमध्ये ‘मॅलर्ड’. ३ जुलै १९३८ ला ताशी १२६ मैल, म्हणजे २०३ किमी. वाफेच्या इंजिनाचा हा विक्रम अजून मोडलेला नाही. त्या धावेत मधल्या सिलिंडरच्या मोठ्या दांड्याचं बेअरिंग तापून वितळलं. बेअरिंगमध्ये बडीशेपेच्या वासाच्या तेलाची कुपी बसवलेली असायची, फार तापलं की ती फुटून वास सुटायचा. तो वास आला, वेग कमी केला, आणि पीटरबरोला इंजिन बदलावं लागलं. पुढच्या बाजूने सगळे फोटो काढतात. तुम्ही बाजूला जाऊन विक्रमाची पाटी बघा आणि मग मधल्या सिलिंडरची जागा कुठे असेल ते खाली वाकून शोधा.

जपानची शून्य मालिकेची शिंकान्सेनही आहे, तिच्यात मात्र शिरून बसता येतं. पाय दुखले की तिथे बसावं :)

आपल्याशी दुवा: चीनच्या रेल्वेसाठी १९३५ मध्ये बांधलेलं केएफ७ हे अजस्र इंजिन बघाल, त्यावर व्हल्कन फाउंड्रीचं नाव आहे. लँकेशायरमधला हाच कारखाना. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली, तिची इंजिनंही तिथलीच.

एक सूचना. इंजिनं यॉर्क आणि शिल्डन इथल्या शाखांमध्ये हलवत असतात. एखादंच इंजिन बघायला जाणार असाल तर आधी संकेतस्थळावर ते सध्या कुठे आहे ते बघा.

सई_लीड्स

वाचनखूण साठवली. शॅम्बल्सबद्दल कोणीच नीट लिहिलं नाही!

मृद्गंध

कारण बघायला पाच मिनिटं लागतात आणि गर्दीत वीस :)

शॅम्बल्स म्हणजे शब्दशः खाटीक आळी. दुकानांच्या दर्शनी बाजूला मांस टांगायचे आकडे आणि खाली रुंद फळ्या अजून दिसतात. दोन्ही बाजूंचे वरचे मजले पुढे झुकलेले, कारण प्रत्येक मजला खालच्यापेक्षा बाहेर काढायची पद्धत. त्यामुळे मांसावर ऊन यायचं नाही. सकाळी नऊच्या आत जा, नाहीतर जादूच्या कांड्यांच्या दुकानांच्या रांगांतून वाट काढत बसाल.

तिथे मार्गारेट क्लिदरो या खाटिकाच्या बायकोचं छोटं प्रार्थनास्थळ आहे. कॅथलिक पाद्र्यांना आसरा दिल्याचा आरोप. तिने न्यायालयात उत्तर द्यायलाच नकार दिला, म्हणून १५८६ मध्ये अंगावर दार ठेवून त्यावर वजनं रचून मारलं. घर बहुधा हे नव्हे, याच गल्लीतलं दुसरं असावं असं मानतात.

त्यापेक्षा माझं मत विचाराल तर गुडरमगेटवरचं होली ट्रिनिटी चर्च बघा. एका छोट्या कमानीतून आत जावं लागतं, म्हणून कोणी जात नाही. वाकडीतिकडी जमीन, लाकडी खोक्यांसारखे बंद बाक, पंधराव्या शतकातली काच. प्रवेश मोफत. त्याच रस्त्याच्या कडेची लेडी रो ही घरांची बुटकी ओळ १३१६ च्या सुमाराची.

काचकाम

होली ट्रिनिटीला +१. आणि नदीपलीकडचं ऑल सेंट्स, नॉर्थ स्ट्रीट. तिथल्या एका खिडकीत जगाचे शेवटचे पंधरा दिवस क्रमाने दाखवलेत, पंधराव्या शतकाच्या सुरुवातीचे. समुद्र चढतो, मग उतरतो, मासे ओरडतात, झाडं पेटतात. इथे खालून वर वाचायचं, मिन्स्टरच्या उलट! उघडायच्या वेळा कमी असतात, दारावर बघून ठरवा.

कोकणस्थ_हल

सगळं तिकिटाचं बघायला पैसे पुरायचे नाहीत. एकच जुनी इमारत निवडायची तर?

नकाशेवाला

मर्चंट अ‍ॅडव्हेंचरर्स हॉल. १३५७ मध्ये बांधायला घेतला. वर व्यापाऱ्यांचं लाकडी सभागृह, खाली गरिबांचा आश्रम, त्याला लागून प्रार्थनागृह. एकाच इमारतीत पैसा, दया आणि देव. वरच्या हॉलमध्ये मधोमध खांबांची रांग आहे. एवढ्या रुंदीला एकच छत टाकण्यापेक्षा दोन छतं शेजारी शेजारी टाकली, त्यांचा भार या रांगेवर. जमीन किती कललीय ते खांबांच्या पायथ्याशी बघा. लग्नकार्याला भाड्याने देतात, त्या दिवशी बंद, म्हणून आधी चौकशी करा.

मुलं बरोबर असतील तर उलट बार्ली हॉल. बहुतेक सामान नवं, जुन्याच्या नमुन्यावर बनवलेलं, त्यामुळे बसता येतं, हात लावता येतो. खिडकीला काचेऐवजी शिंगाचे पातळ पापुद्रे लावलेत, ते दाखवा.

कॅसल म्युझियममध्ये जाणाऱ्यांनी नकाशात ‘कर्कगेट’ शोधू नये. तो म्युझियमच्या आत उभारलेला व्हिक्टोरियन रस्ता आहे, संस्थापक डॉ. कर्क यांच्या नावाचा. शोधाल तर नकाशा तुम्हाला लीड्सला नेईल.

सावकाश

पावसाळी दिवस निघाला तर?

दक्षिणद्वार

पाऊस तिथला नव्हे, वरच्या डोंगरांतला बघा. ऊझचं पाणी वर पडलेल्या पावसाने एक-दोन दिवसांनी चढतं, त्या दिवशी यॉर्कला लख्ख ऊन असू शकतं. किंग्ज स्टेथचा नदीकाठ सगळ्यात आधी बुडतो, तिथल्या पबमध्ये पुराच्या खुणा भिंतीवर लावलेल्या आहेत. नदीकाठची वाट बंद असली तर स्टेशनहून लेंडल पुलावरून या. डिसेंबर २०१५ च्या पुरात योर्विकमध्ये पाणी शिरलं होतं, केंद्र २०१७ च्या एप्रिलमध्ये पुन्हा उघडलं.

नुसता पाऊस असेल तर रेल्वे म्युझियम आणि कॅसल म्युझियम त्या दिवसावर टाका, मिन्स्टर उन्हाच्या दिवसासाठी राखा. ढगाळ दिवशी काचा मेलेल्या दिसतात.

फांजीवरून

हॉटेलच्या भावाचंही बघा. ऑगस्टमधली घोड्यांची शर्यत आणि नोव्हेंबर-डिसेंबरचा नाताळबाजार, या दिवसांत भाव दुप्पट होतात आणि स्टोनगेटवरून पाऊल पुढे पडत नाही. मार्चचा दुसरा पंधरवडा ते एप्रिल, तोही ईस्टरची सुट्टी टाळून, तटासाठी सर्वांत चांगला.

आणि पहिल्याच सकाळी एक्झिबिशन स्क्वेअरला सव्वादहाला उभे राहा. स्वयंसेवक वाटाडे १९५१ पासून मोफत फिरवतात, साधारण दोन तास. बक्षिशी घेत नाहीत, देऊ नका.

सई_लीड्स

मग मिन्स्टरची साडेनऊची पूर्व खिडकी आणि सव्वादहाची फेरी एकाच सकाळी कशी जमायची?

काचकाम

नाही जमायची. पहिल्या सकाळी फेरी, दुसऱ्या सकाळी खिडकी. म्हणूनच तर वर म्हटलंय, एक रात्र राहा.